कोपराच्या वळणावरून काय दिसतं

मिनीबसमधून उतरलेली माणसं कठड्याला चिकटली, मोबाइल वर झाले, फोटो निघाले आणि मग सगळ्यांच्या माना नाकासमोरकडे वळल्या. आता गाइड बोलणार होता.

गाइड बोलेना.

नाकासमोर हे त्याचं खरं नाव नव्हे, डेपोने ठेवलेलं. ह्या खोऱ्याच्या रस्त्यावर त्याने उभा जन्म सरकारी बस चालवली आणि त्या उभ्या जन्मात नजर डांबरावरून ढळू दिली नाही. म्हणून नाकासमोर. कुणी चेष्टेने म्हणे, कुणी मानाने. त्याला दोन्ही सारखंच.

समोर दरी होती. तळाशी नदी होती. इतपत त्यालाही दिसत होतं. पण पलीकडच्या उतारावर घरांचे पुंजके होते त्यातलं कुठलं गाव कुठलं, आणि उजवीकडे किडक्या दातासारखा वर आलेला बुरूज कुणाचा, ह्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

“काका, तो बुरूज कुठला?” एका कॅमेरेवाल्याने विचारलं.

“जुना आहे,” नाकासमोर म्हणाला.

“किती जुना?”

“मी नोकरीला लागलो तेव्हाही होता म्हणतात.”

हशा झाला. ट्रॅव्हलवालीने त्याला बाजूला ओढलं. मिनीबस तिची, चालवायचीही तीच, आणि आज तिने ह्या म्हाताऱ्याला चाचणीसाठी आणलं होतं. जमलं तर कायम ठेवणार होती.

“तात्या, काय चाललंय हे? जन्मभर ह्याच रस्त्यावर गाडी चालवलीत ना?”

“चालवली.”

“मग?”

“चालवली म्हणजे चालवली. बघत नव्हतो.”

ती आ वासून बघत राहिली. लोकांना वाटतं, ज्याने रस्ता तुडवला त्याला मुलूख ठाऊक. साफ खोटं. ड्रायव्हरला फक्त पुढचं वळण ठाऊक असतं. मुलूख बघतात पासिंजर, आणि तेही खिडकी मिळाली तर. ज्याच्या हातात चाक, त्याच्या वाट्याला डांबर. त्याच्या मागे बसून अर्धं जग ‘अहाहा’ करत गेलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त खड्डे.

पण गाइडगिरी त्याने पोटासाठी धरलीच नव्हती. शहरात मुलगा-सून त्याला वेळेवर जेवू घालत होते आणि वेळेवर गप्पही बसवत होते. त्याला एकाच जागी उतरायचं होतं, कोपराच्या वळणावर. चाक दुसऱ्याच्या हातात असताना, स्वतःच्या दोन पायांवर उभं राहून, एकदा नदीपलीकडे बघायचं होतं.

तिथं त्याची बायको उभी राहायची.

रोज सकाळी बस त्या वळणावर आली की मागून कंडक्टर ओरडायचा, “नाक्या, वहिनी उभ्या आहेत रे! हात हलवतायत!” आणि नाकासमोर लांबलचक हॉर्न द्यायचा. बघायची सोय नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, रस्ता दुमडलेल्या कोपरासारखा. तिथं मान वळवली तर सगळी गाडी नदीत. त्याने कधी वळवली नाही. कंडक्टर बघत होता ना.

बायकोशी तो ह्यावर कधी बोलला नाही. तिनेही विषय काढला नाही. असलं बोलायचं असतं होय? अंधार पडता घरी यायचा, अंधार असता निघायचा. मधल्या वेळात पीठ संपलंय, कौल सरकलंय, पोराचं अंग तापलंय, एवढंच बोलणं. पण सकाळी हात हलला होता. तो दिवसभर पुरायचा. ती गेली तेव्हा माणसं कुजबुजली, डोळ्यांतून टिपूस काढला नाही, दगड आहे दगड. रडेल कशाला? त्याच्यापाशी तो रोजचा हात शिल्लक होता.

आता तो हात कुठून हलायचा ती जागा बघायची, बस्स.

मधे एक ऐतिहासिक गाव लागलं. वेशीवर तशी पाटीच होती. गाव ऐतिहासिक कधी होतं? त्यात राहणारे निघून गेले की. शाळेला कुलूप लागतं, विहिरीवर जाळी बसते, आणि मग साहेब लोक येऊन दगडांना नंबर देतात. गल्ल्या स्वच्छ होत्या, कारण घाण करायला कुणी उरलं नव्हतं. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या. पाणी घालायला दर आठवड्याला माणूस यायचा.

नाकासमोरने कंडक्टरच्या तोंडून ऐकलेलं सांगायला सुरुवात केली. “हा चौथरा. इथं राणी आंघोळ करायची.”

“इथं पाटीवर लिहिलंय, गुरांचा बाजार भरायचा,” एक निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाजात अजून खडू होता.

“गुरं गेल्यावर करत असेल.”

“आणि हा पूल?”

“हा एका रात्रीत बांधला. भुताने.”

“खाली ठेकेदाराचं नाव आहे.”

नाकासमोर पुलाखालच्या दगडाकडे बघत राहिला. चिमट्याने, म्हणजे त्या कंडक्टरने, हे सगळं त्याला गाडी चालवता चालवता शपथेवर सांगितलं होतं. राणी खोटी, भूत खोटं. बरं, असेल. प्रवास लांबचा, माणूस काहीतरी बोलणारच. 

कोपराच्या वळणावर आता पॉइंट झाला होता. रस्ता रुंद केलेला, कड्याला जाळी, दरीकडे बाक. ट्रॅव्हलवाली थांबणार नव्हती, पण तो अर्ध्या चालत्या गाडीतून उठून दाराशी गेला तेव्हा तिला ब्रेक दाबावाच लागला.

तो उतरला, कठडा धरला आणि बघितलं.

पलीकडे डोंगराची एक सोंड थेट नदीपर्यंत उतरली होती. त्याचं गाव सोंडेच्या मागे. वरच्या आळीतली दोन छपरं तेवढी दिसत होती. त्याचं घर खालच्या आळीला. ते कुठंच नव्हतं.

तो डावीकडे सरकला. सोंड. उजवीकडे सरकला. सोंड. बाकावर चढला, उतरला, चवड्यावर बसला. एका खाचेतून कुणाच्या तरी परसाचा तुकडा दिसत होता, दगडी, बोडका. तो त्याचा नव्हता. आपलं घर माणसाला कळत नाही की काय?

“काय शोधताय?” मास्तरीणबाई शेजारी आल्या.

“घर.”

“कुणाचं?”

“माझं.”

“सापडत नाही?”

“आज सकाळपर्यंत होतं.”

बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. दुर्बिणीने सोंड आणखी मोठी झाली, इतकंच. त्याने ट्रॅव्हलवालीला विचारलं, रस्ता हलवलाय का? नाही हो, रुंद केलाय. वळण सरकलंय का? वळण कसं सरकेल, तात्या? मग डोंगर सरकला असेल, तो म्हणाला, आणि हे तो चेष्टेने म्हणाला नव्हता. पुढचा सगळा रस्ता तो अक्षर बोलला नाही. गाइडच मुका झाल्यावर लोक मोबाइल वाचत बसले.

पुढच्या गावात नाश्ता करायचा होता. हेही गाव ऐतिहासिकच, पण इथं माणसं राहिली होती, कारण चिमटा राहिला होता. चिमट्याचं दुकान वेशीतच. मोडके कंदील, गंजक्या कड्या, बिनहातांच्या बाहुल्या. हॉटेलवाल्याने टाकलेली किटली तो ‘सरदाराची’ म्हणून विकायचा.

“अरे, नाक्या! जिवंत आहेस? मला वाटलं, सुनेने पुरला.”

“वळणावरून घर दिसत नाही,” नाकासमोर म्हणाला.

“कुठल्या?”

“कोपराच्या. मधे सोंड आहे.”

चिमट्याचा किटली पुसणारा हात थांबला. “चहा घे आधी.”

“चहा गेला चुलीत. तू काय बघत होतास इतकी वर्षं?”

“बस तर खरा.”

“उभा आहे तो बरा आहे.”

चिमट्याने किटली खाली ठेवली. मास्तरीणबाई आणि कॅमेरेवाला दारात येऊन उभे राहिले होते. चार माणसं ऐकताहेत म्हटल्यावर चिमट्याला कंठ फुटायचाच.

“तू त्या वळणावर हॉर्न देत नव्हतास. आठवतं?”

“देत होतो.”

“ते नंतर. आधी म्हणायचास, मी माझ्या बाजूने चाललोय, समोरच्याने बघावं. मग ती दुधाची गाडी आली. आरसा गेला, पत्रा गेला, आणि मी दारात लटकलेलो. खाली नदी. माझी मांडी अजून कापते, हे बघ. तुला सांगितलं, हॉर्न दे. नियम दाखवला. साहेबाकरवी सांगितलं. तू ऐकणारा आहेस? बैलाच्या शेपटीला पीळ घालून तरी तो हलतो. मग म्हटलं, ह्याला नियमाचं कौतुक नाही, बायकोचं असेल.”

“म्हणजे थाप.”

“पहिल्यांदा थाप.”

“पहिल्यांदा म्हणजे?”

“मग एक दिवस खरंच कुणीतरी उभं होतं.”



“कोण?”

“बाई होती. हात वर.”

“माझी बायको?”

“नदीपलीकडून तोंड दिसतं होय रे? बाई होती. मला वाटलं, हा रोज एवढा बोंबलत जातो, आली असेल बघायला कोण मेला हा.”

“कुठं उभी होती? सोंड आहे तिथं!”

“ते मी काय मोजत बसलो होतो? तिकिटं फाडायची होती. दिसायची.”

“रोज?”

“कधी असायची, कधी नसायची.”

“नसायची तेव्हा तू काय सांगायचास?”

“असायची म्हणून.” चिमटा पहिल्यांदाच जरा ओशाळला. “वळण तर रोजच होतं ना.”

नाकासमोरने त्याची गचांडी धरली. धरली खरी, पण पुढे काय करायचं ते कळेना. माणूस खोटारडा म्हणावा, तर आपली थाप आपल्याच तोंडाने कबूल करत होता. खरा म्हणावा, तर मघाची राणी गुरांच्या बाजारात आंघोळ करत होती. आणि हा नुसता खोटा असता तर नाकासमोर थुंकून मोकळा झाला असता. अर्धवट खऱ्याचं काय करायचं? कुठल्या सकाळी ती होती आणि कुठल्या सकाळी त्याने मोकळ्या डोंगराला हॉर्न दिला, हे कुणाला विचारायचं? जिला विचारायचं तिला ती असेपर्यंत विचारलं नाही.

त्याने गचांडी सोडली. “फोन आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“ह्यांच्या गाडीत बस. मी झुलत्या पुलावरून घरी जातो. परत जाताना वळणावर आलात की हॉर्न द्यायला सांग. आणि बघ.”

“काय बघू?”

“मी दिसतो का ते.”

ट्रॅव्हलवालीने कपाळाला हात लावला, पण चिमट्याने बसमध्ये पाय टाकताच किटलीवाल्या सरदाराची गोष्ट सुरू केली आणि पंधरा माणसं कान टवकारून बसली. “उद्यापासून ह्यांनाच घ्यावं,” ती पुटपुटली. नाकासमोरने ऐकलं. त्याला काहीच वाटलं नाही.

घर विकल्याला फार दिवस झाले नव्हते. दार निळं झालं होतं, नवी बाई अंगणात बादली घेऊन उभी होती.

“कोण पाहिजे?”

“मी इथं राहायचो.”

“बरं, मग?”

 “जरा उभा राहतो,” तो म्हणाला. बाईने त्याच्याकडे नीट बघितलं, चोर नाही अशी खात्री करून घेतली आणि बादली उचलून घरामागे निघून गेली.

तो अंगणात उभा राहिला. अंगणाचं तोंड डोंगराकडे. नदी मागे, सोंड आडवी. इथून रस्ता दिसणं शक्यच नव्हतं. सुटीच्या दिवशी तो ह्याच अंगणात पडून असायचा. रस्त्याकडे बघायचं मनातही यायचं नाही. न्हाव्याने सुटीला शेजाऱ्यांच्या दाढ्या मोजाव्यात, तसलं ते.

हॉर्न आला.

लांबून, दरी ओलांडून, बारीक होऊन. इतकी वर्षं त्याने तो दिला होता. तो इकडे कसा ऐकू येतो हे त्याला आज कळलं. तो दारच्या खांबाला धरून तसाच उभा राहिला. हात वर करायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

फोन वाजला. “दिसलास!” चिमटा ओरडत होता. “दिसलास रे नाक्या! दोन्ही हात वर! माणूस की पवनचक्की?”

“मी खांबाला धरून उभा आहे.”

“आँ?”

“अंगणात. इथून डोंगर दिसतो, दुसरं काही नाही. थापाड्या, मेलास तरी सुधारणार नाहीस.”

 मग चिमटा हळूच म्हणाला, “मग कोण होतं?”

“कोण असणार? तुझी राणी.”

“आईची शपथ, नाक्या. कुणीतरी हात हलवत होतं. ह्या बाईंना विचार.”

मास्तरीणबाईंनी फोन घेतला. “हो, खाचेतून दिसलं. फार लांब होतं, पण हात वर होते. मीसुद्धा हलवला.”

नाकासमोरने फोन खिशात टाकला. भिंतीला हात लावत तो घराच्या कडेने निघाला आणि कोपऱ्यावर थबकला. पुढे पायवाट कशी जाते, हे त्याला माहीत नव्हतं. जन्म काढला ह्या घरात, आणि घराच्या मागे हा माणूस कधी गेला नव्हता. मागे धुणं, मागे सरपण, मागे राख. ते जग बायकोचं. पुरुषाने तिकडे जायचं कारण काय? सगळं हातात येत होतं.

मागे दगडी परस होतं, बोडकं. त्याच्या कडेला, अगदी दरीवर, दोरी. नवी बाई ओल्या कापडाची दोन टोकं धरून, हात डोक्यावर नेऊन ती झटकत होती. फाट, फाट. तिच्या पलीकडे सोंडेला एक खाच होती आणि खाचेत, नखाएवढा, रस्ता.

तो बघतच राहिला. बाई दचकली. “अहो, मागे कशाला आलात?”

“तुम्ही रोज ह्याच वेळेला कपडे वाळत घालता?”

“ऊन ह्याच वेळेला येतं. तोवर डोंगराची सावली असते. का हो?”

“हॉर्न ऐकला का आत्ता?”

“वाजला का? वाजत असतील. लक्ष कुठं असतं.”

म्हणजे कपडे. उन्हाची वेळ आणि गाडीची वेळ एक, बस्स. चिमट्याला हात दिसायचे आणि ते असायचे त्याच्याच खाकी शर्टाची बाही धरलेले. तो धुण्याच्या दगडावर बसला. मग त्याला दुसरंच सुचलं.

“ही दोरी अशी कडेला का बांधली?”

“आम्ही आलो तेव्हा होतीच.”

“सोयीची आहे?”

“ऊन चांगलं लागतं इथं. पण चादर सुटली की थेट नदीत. एक गेली माझी. घराजवळ घ्यायची म्हणते, राहून जातं.”

“मग तिने का नाही घेतली घराजवळ?”

“कुणी?”

त्याने दोरी ओढून बघितली. ऊन चांगलं म्हणून? की रस्ता दिसतो म्हणून? की राहून गेलं म्हणून? तिन्ही कारणं खरी वाटत होती. एक धरावं तर दुसरं निसटत होतं. चिमट्याने निदान थाप तरी दिली होती. ह्या दोरीला तीही येत नव्हती.

त्याने फोन लावला. “परत या.”

“कुठं?”

“वळणावर. वळवा गाडी आणि पुन्हा वळणावरून या. हॉर्न द्या.”

“तात्या!” हा ट्रॅव्हलवालीचा आवाज. “पंधरा माणसं आहेत माझ्या गाडीत!”

मागून मास्तरीणबाई वर्गावर ओरडावं तशा काहीतरी म्हणाल्या. मग गाडी रिव्हर्सला पडल्याचा आवाज त्याने ओळखला.

नवी बाई बादलीतून चादर काढत होती. मोठी, ओल्याने जड झालेली, एकटीला आवरेना. “आलाच आहात तर धरा,” ती म्हणाली आणि दोन टोकं त्याच्याकडे फेकली. त्याने आयुष्यात चादर धरली नव्हती. टोकं बोटांतून निसटायला लागली तशी त्याने मुठी आवळल्या.

“कडेला तुम्ही उभे राहा. मला भीती वाटते तिथं.”

तो कडेला गेला. पाठ घराकडे, तोंड खाचेकडे. तिची दोन टोकं मागे, त्याची दोन पुढे, मधे चादर त्याच्या पाठीशी ताणलेली. असं कुणी चादर झटकत नाही.

“उलटे उभे राहिलात,” बाई म्हणाली.

“असू द्या.”

हॉर्न आला. पांढरं काहीतरी खाचेत शिरलं.

“झटका ना!” बाई मागून ओरडली.

त्याने हात डोक्यावर नेऊन झटकली. खाचेत काचा चमकल्या. कुणी हात बाहेर काढला होता का, ते दिसलं नाही. डोळे बारीक करेपर्यंत खाच पुन्हा मोकळी होती. चादरीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं होतं.

खिशात फोन वाजायला लागला. वाजतच राहिला.

“घ्या की,” बाई म्हणाली.

“वाजू दे,” तो म्हणाला. “चादर पडेल.”